थर्मासमधला तांबडा

नांदेडला मी परागकण घेऊन गेले होते. असं सांगितलं की लोक दोनदा विचारतात, काय घेऊन? फुलातली पिवळी पूड. चिमटीत धरायला गेलं तर चिमटीतच संपेल एवढी. ती चांदीच्या कागदात, कागद स्टीलच्या डबीत, डबीत ओल ओढून घ्यायला थोडे भाजलेले तांदूळ, डबी थर्मासमध्ये आणि थर्मासमध्ये बर्फ. गाडीत शेजारच्या माणसाने "ताई, चहा आहे का त्यात?" असं सहज विचारलं, तर नाही म्हणताना मी थर्मास आणखी जवळ ओढला. आपण काहीतरी चोरून नेतोय असंच मला सगळ्या वाटेत वाटत होतं.

आधी झाडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. आम्ही घटपर्णी लावतो. या वेलाच्या पानाच्या टोकाला दोरी फुटते आणि दोरीला झाकणाची सुरई लोंबते. सुरईत चिकट पाणी असतं, त्यात माशी-मुंगी पडते आणि झाड ती पचवतं. बघायला आलेला माणूस माशीकडे बघतो, लावणारा सुरईकडे. दोन जातींचा संकर केला की सुरई कशी निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. एखादीला पट्टे येतात, एखादीचे ओठ पान खाल्ल्यासारखे लाल होतात. तेवढ्यासाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात. थांबावंच लागतं, कारण यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि दोघांना एका वेळी फुलं येतील याचा काही नेम नाही.

मी दोडामार्गकडे एका नर्सरीत कामाला आहे. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून मातीतच आहे. आमच्या मालकांनी मला शेडचा एक कोपरा माझ्या झाडांसाठी दिला, ते उपकार मी विसरणार नाही. त्या कोपऱ्यात इकडून तिकडून फांद्या मागवून मी बऱ्याच घटपर्णी जमवल्या. पण त्या सगळ्या दुसऱ्या कुणीतरी केलेल्या संकराच्या. माझ्या हातचं एकही झाड नव्हतं. त्यातला तांबडा माझा सगळ्यात लाडका. एका गिऱ्हाइकाने मेला म्हणून टाकून दिलेला वेल, मी जगवला. त्याच्या सुरया पिकलेल्या कोकमाच्या रंगाच्या. यंदा त्याला पहिल्यांदा तुरा आला आणि तो नर निघाला. त्याच दिवसांत त्याचं खोड बुंध्यातून कुजायला लागलं. मी फांद्या कापून लावल्या, सगळ्या काळ्या पडल्या. म्हणजे तांबड्याचं जे काही उरणार होतं ते त्या तुऱ्यात होतं.

फोनवर आमचा एक गट आहे, महाराष्ट्रभरातले घटपर्णीवाले. त्यात मी विचारलं, कुणाकडे मादी फुलात आहे का? दोन उत्तरं आली. एक नांदेडची सुनीता, एक लातूरचे गुंडूअण्णा. दोघांनी एकच शब्द लिहिला होता, "या." कुरिअरने पाठवावं तर त्या उन्हात पराग वाटेतच भाजून निघाले असते. मालकांनी रजा दिली, त्यांचा स्वतःचा थर्मास दिला. माझा भाऊ तेवढा म्हणाला, "फुलाची धूळ पोचवूक तू नांदेडाक जातलंस? बरा आसा मां?"

बरं नव्हतंच. गोव्याच्या पलीकडे आणि कोल्हापूरच्या पुढे मी कधी गेले नव्हते.

नांदेड

स्टेशनवर सुनीता न्यायला आली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, रात्रपाळी करून तशीच आली होती. गटात तिचा फोटो म्हणजे एक हिरवी सुरई, त्यामुळे माणूस कसं ओळखायचं या काळजीत मी होते. तिनेच मला ओळखलं. एवढा थर्मास छातीशी धरून उतरणारी दुसरी कोण असणार.

"मंगलताई ना? जयभीम. द्या ती पिशवी."

"पिशवी घ्या. थर्मास माझ्याकडेच राहू दे."

"हाव, राहू द्या. लेकरू धरल्यावानी धरलाय की तुमी."

स्कूटीवर मागे बसून निघालो. ऊन म्हणजे काय ते मला माहीत आहे असा माझा समज होता. आमच्या उन्हात माणूस घामाने भिजतं. तिथे घाम बाहेर यायच्या आत वाळतो. घरी पोचेपर्यंत माझे ओठ तडकले. आंघोळ करून लुगडं दोरीवर टाकलं आणि चहा पिऊन बघते तर वाळलेलं, कडक. आमच्याकडे पावसात टॉवेल तीन दिवस आंबूस वास मारतो. अशा हवेत घटपर्णी सुरई धरतेच कशी, हे मला काही केल्या कळेना, कारण हवेत ओल नसली की या झाडाला पानं येतात, सुरई येत नाही.

ते मागच्या पडवीत कळलं. पडवीला हिरवी जाळी, जाळीच्या आत झाडं, आणि झाडांसमोर चाकांच्या स्टँडवर भलामोठा लोखंडी कूलर. दिवसभर तो ओला वारा झाडांवर सोडायचा. घरातली माणसं आत पंख्याखाली.

"आमच्याकडं कूलर झाडाचा हाय," सुनीताची सासू म्हणाली. "आमी उन्हाळाभर झाडाचे पाव्हणे."

या सासूबाईंचं नाव गयाबाई. सुनीता त्यांना आत्याबाई म्हणते, मग मीही तेच म्हणायला लागले. वय झालेलं, पण ताठ. पूर्वी बिलोलीकडे शेतात मजुरी केलेली, आता मुलाकडे नांदेडात. मुलगा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, तो कामावर गेलेला. आत्याबाईंनी माझ्यापुढे नाश्त्याला सुशीला ठेवली. कुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची आणि दाण्याच्या कुटात परतलेले. आमच्याकडे कुरमुरे म्हणजे जत्रेतला खाऊ, कोरडा खायचा. ते भिजवून पोटभर खायचे असतात हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि दोनदा मागून घेतलं.

"खा की. कोकणात काय मासेच खाता म्हणं तुमी?"

"मिळाले तर मासे, नाहीतर पेज."

"मंग बरोबर हाय. म्हणून अशी काटकुळी."

नाश्ता झाल्यावर आम्ही पडवीत गेलो. सुनीताची मादी मी फोटोत पाहिली होती, पण समोर बघितल्यावर मी हातच जोडले. हिरव्या सुरया, त्यांना जांभळे ठिपके, आणि मधोमध उभा तुरा. खालची फुलं होऊन गेलेली. वरची उमललेली, मध्यभागी चिकट चकाकी आलेली. ही चकाकी म्हणजे फूल तयार आहे. दोन-तीन दिवस राहते, मग संपलं. मी वेळेवर पोचले होते.

कूलर तेव्हा बंद होता. आत्याबाई बादलीने त्याच्या टाकीत पाणी भरत होत्या. मी खाटेवर बसले. पराग मी घरूनच दोन पुड्यांत वाटून आणले होते, एक नांदेडची, एक लातूरची. नांदेडची पुडी काढली, मांडीवर ठेवली आणि श्वास रोखून घडी उलगडली. पिवळी पूड जशीच्या तशी होती. सुनीता मऊ ब्रश आणायला आत गेली.

आता तिकडची एक पद्धत सांगते. आमच्याकडे पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देतात. नांदेडला उन्हाळ्यात पाहुणा आला की प्यायला पाणी देतात आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवतात. घरात आजारी माणूस असो, झोपलेलं लेकरू असो, पाहुणा बसलेला असेपर्यंत कूलर त्याचा. हे मला माहीत नव्हतं. आत्याबाईंना दुसरं काही माहीत नव्हतं. टाकी भरली, त्यांनी वळून पाहिलं, तर पाहुणीचं तोंड उन्हाने लालेलाल. त्यांनी स्टँड गर्रकन फिरवला आणि बटण दाबलं, ते शेवटच्या नंबरावर.

उदबत्तीचा धूर फुंकल्यावर जातो तसे पराग गेले. माझ्या मांडीवर नुसता चकचकीत कागद फडफडत राहिला.

"आत्याबाई, बंद करा, बंद करा," सुनीता दारातून ओरडली.

आत्याबाईंनी बंद केला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई गार लागलं का?"

मला रडू आलं, आणि परक्याच्या घरी पहिल्याच दिवशी रडतेय याची शरम वाटून आणखी आलं. सुनीताने सासूला सगळं सांगितलं, की एवढ्या लांबून बाईनं काय आणलं होतं, तिकडं तिचं झाड मरायला टेकलंय, आणि आता काय झालं. आत्याबाई मटकन खाली बसल्या.

"अगं माय. अन् मी वारं घातलं."

"तुमची काही चूक नाही," मी म्हणाले, "मीच उघड्यावर काढायला नको होतं." आणि ते खरंच होतं. कूलरसमोर बसून पुडी उघडणारी मीच.

दुसरी पुडी होती, पण ती लातूरची. सुनीता म्हणाली, ती अण्णांची, तिला हात लावायचा नाही. मलाही तसंच वाटत होतं. तरी मी गुंडूअण्णांना फोन लावला, झालं ते सांगायला. फोनवर आधी नुसता हसण्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अवो ताई, अर्दं तिथंच वापरा. उरलं तेवडं आना. न्हाई उरलं तर तुमी या, जेवायला या." या माणसाने मला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

फोन ठेवला आणि मी डबीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. ती दुसरी पुडी उघडायची हिंमत होईना. तेवढ्यात आत्याबाईंनी विचारलं, "त्ये पिवळं म्हंजे नराचं ना? अन् ही मादी?"

"हो."

"म्हंजे क्रॉसिंगच की. तसं सांगायचं ना मला." त्या उठून झाडाजवळ गेल्या, पदर खोचला आणि तुऱ्याकडे वाकून बघायला लागल्या. "सरकीच्या प्लॉटावर दुसरं काय केलं आमी?"

मग कळलं. बिलोलीकडे असताना त्यांनी कित्येक हंगाम संकरित कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटावर काम केलं होतं. संध्याकाळी मादी ओळीतल्या कळ्या नखाने सोलायच्या, त्यातला नराचा भाग काढायचा, वर कागदाची टोपी घालायची. सकाळी नराचं फूल तोडून त्या मादीवर हलकेच फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा दिसला की समजायचं, हे झालं. एका नरात पाच-सहा माद्या भागवायच्या, नाहीतर मुकादम बोलायचा.

"आता न्हाई करायचं," त्या म्हणाल्या. "दुपारी फूल सुकतंय. उद्या सकाळी, चिकाट सुटल्यावर. आन ते ब्रश-बिरश ठेवा तिकडं. ब्रश अर्धं स्वतःच खाऊन घेतो."

पुडी फ्रिजमध्ये गेली. सुनीताने वर चिठ्ठी चिकटवली, "हात लावू नये." तिचा नवरा कामावरून आला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "माझ्या दह्याला कधी लावली न्हाई अशी चिठ्ठी."

माझा जीव घरात रमेना म्हणून संध्याकाळी सुनीता मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेली. डोक्यावर पदर घेऊन आम्ही लंगरच्या पंगतीत बसलो. दोन्ही हात पुढे करून रोटी घ्यायची असते, एका हाताने घेत नाहीत, हे शेजारच्या आजींनी मला खुणेने शिकवलं. आमच्या सप्ताहाच्या पंगतीत वाढणारा "पुरे का?" विचारतो. तिथे वाढणारा काही विचारत नाही, वाढतच जातो. दाट डाळ आणि ती जाड रोटी खाताना मला एकदम वाटलं, उद्या काही हाती लागलं नाही तरी इथली माणसं मला उपाशी परत पाठवणार नाहीत. पण लगेच तांबडा आठवला.

नांदेड, दुसरी सकाळ

कूलर बंद. पंखे बंद. पडवीचं दार लावलेलं. सुनीताच्या नवऱ्याला सांगितलं होतं, आम्ही हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही. तो आतून म्हणाला, "श्वास घेऊ का?"

"हळू घ्या," सुनीता म्हणाली.

आत्याबाई स्टुलावर बसल्या, चष्मा लावला. आगपेटीतली एक काडी घेतली, तिचं गुल मोडून टाकलं आणि टोक दाताने चावून जरासं पिंजलं. मी पुडी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी काडीचं टोक पुडीला नुसतं टेकवलं, मग फुलाला टेकवलं. घासलं नाही, झटकलं नाही. पुन्हा पुडी, पुन्हा फूल. प्रत्येक फुलानंतर सुनीताने पुढे केलेल्या रिळाचा लाल दोरा देठाला सैलसर बांधायच्या आणि गाठ मारताना तोंडाने "हं" करायच्या. मला त्या "हं"चीच सवय झाली. तो आला की माझा श्वास सुटायचा.

"तुमचा हात अजून तसाच आहे," मी म्हणाले.

"हात हाय. डोळे गेले." दोन फुलं झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी-पोरी रांगेनं उभ्या राहायचो. माझ्या रांगेचे दोरे सगळ्यात जास्ती. पण सांगू का बाई, आमी केलेलं बी आमाला कदी दिसलं न्हाई. बोंड फुटलं की कंपनीचा टेम्पो यायचा. सगळं भरून न्यायचा. कुठं पेरलं, काय उगवलं, काय म्हाईत. आमच्या रानात तेच बी पिशवीत विकत यायचं, पण ते कुणाच्या हातचं, कुणाला सांगता येतंय?"

सुनीताने रिळाचा पुढचा दोरा तोडून त्यांच्या हातात दिला.

"ह्येचं बी येईल का हितं?"

"आलं तर इथेच येईल," मी म्हणाले. "अर्धं तुमचं."

"अर्धं कशाला. मला नुसतं उगवलेलं बघायचं हाय."

तुरा संपला. मी पुडीत पाहिलं. एवढी फुलं झाली आणि तरी घडीच्या कोपऱ्यात पिवळं शिल्लक होतं. मी ब्रशने केलं असतं तर चार फुलांत संपलं असतं. निघताना मी आत्याबाईंच्या पाया पडले तर त्यांनी खांदे धरून वर उठवलं. "पाया पडू नका. लातूरला गेल्यावर असंच करा. काडी चावायची इसरू नका."

लातूर

लोह्यावरून, अहमदपुरावरून एस.टी. लातूरला जाते. दोन्हीकडे काळी जमीन, भेगा पडलेली, सोयाबीन निघून गेलेलं. आमच्याकडे उघडी जमीन दिसायची म्हणजे कुणीतरी डोंगर खणलेला असतो. इथे क्षितिजापर्यंत उघडी जमीन, आणि तिच्यात एखादंच कडुनिंबाचं झाड. पाण्याशिवाय एवढी जमीन मी पहिल्यांदा पाहिली.

गुंडूअण्णा मूळचे निलंग्याकडचे. लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत मुलींच्या एका वसतिगृहाचे ते रखवालदार. मला बघून हात वर करून म्हणाले, "बर्री, बर्री. म्हंजे या. आमच्याकडं थोडं कानडी, थोडं मराठी, आन उरलेलं काय बी चालतंय."

त्यांची झाडं गच्चीवर, गोणपाटाच्या आडोशाला. पण मला नवल वाटलं ते जिन्यात. जिन्याच्या पायरी-पायरीवर कॅन, बाटल्या, तेलाचे डबे. लातूरचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. ते घातलं की घटपर्णीची मुळं जळतात. आमच्याकडे पावसाचं पाणी चार महिने नुसतं वाहून जातं, तिकडे तोच पाऊस मोजूनमापून येतो. तेव्हा अण्णांनी काय केलं, तर गल्लीतल्या शिकवण्यांच्या खोल्यांना ए.सी. आहेत, त्या प्रत्येक ए.सी.च्या नळीखाली कॅन लावला. ए.सी.तून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतलंच पाणी, त्यात क्षार नाहीत.

"पोरं डॉक्टर व्हायला तिथं बसतेत," अण्णा म्हणाले. "त्यांच्या अभ्यासावर माझी झाडं जगतेत. सुट्टी लागली की माझं पाणी बंद."

गल्लीतली पोरं त्यांना थेंबअण्णा म्हणतात. कॅन भरला की शिकवणीतून कुणीतरी खाली हाक मारतं, "थेंबअण्णा, तुमचं दूध उतू गेलं." अण्णा जिना उतरतानाच उत्तर देतात, "तू आधी फिजिक्समधी पास हो."

जेवायला निलंगा राईस होता. पिवळाधमक, शेंगदाण्याचा, तिखट. मी भात खाणारी, म्हणून अण्णांच्या बायकोने मुद्दाम केलेला. ठसका लागला, पाणी प्यायले, पुन्हा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर त्यांची मादी मी बघितली. तुरा लहान, थोडीच फुलं, आणि चकाकी ओसरायला लागलेली. उशीर झाला होता का, सांगता येत नव्हतं. वसतिगृहातली एक मुलगी, परभणीकडची, चहाचा कप घेऊन बघायला आली होती. मी आगपेटीची काडी दाताने चावली आणि पुडी उघडली. वारा नव्हता, तरी अण्णा आणि त्यांची बायको आपणहून माझ्या दोन बाजूंना चादर धरून उभे राहिले. आत्याबाईंचा "हं" मी स्वतःच करत गेले, एकेका फुलाला काडी टेकवत आणि दोरा बांधत.

"काकू, म्हणजे नर झाड आणि मादी झाड वेगळं आहे?" त्या मुलीने विचारलं.

"हो."

"याला विभक्तलिंगी म्हणतात."

मला हा शब्द माहीत नव्हता. मी तो दोनदा म्हणून पाठ केला. इतकी वर्षं जे मी "यात नर वेगळा असतो, मादी वेगळी असते" असं लांबण लावून सांगायची, त्याला एवढा नेटका शब्द होता. मी तिचे आभार मानले तर ती लाजून पळाली.

शेवटच्या फुलाला दोरा बांधला तेव्हा पुडीत काही म्हणजे काही उरलं नव्हतं. अण्णांनी तो रिकामा चांदीचा कागद माझ्या हातातून घेतला, उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "झालं बगा. नवरदेव संपला."

मला हसू आलं. आता करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं.

घरी

घरी आले तेव्हा तांबडा तसाच होता, आणि पहिल्या मोठ्या पावसात तो गेला. शेवटची सुरई सुकली तरी झाकण उघडं होतं. मी खोड उपटलं तेव्हा हाताला चिखलासारखं लागलं.

लातूरहून फोन आला, फुलं बहुतेक गळाली. दोनच टिकली आहेत. अण्णांचा आवाज पडलेला होता, मी त्यांना समजावलं, दोन म्हणजे पुष्कळ. ठेवला फोन आणि मालकांना सांगितलं, मला आज काम द्या, कसलंही द्या.

नांदेडहून मात्र फोटो यायला लागले. लाल दोऱ्यांवर फुलं फुगत चाललेली. आधी मुगाएवढी, मग लवंगेएवढी, मग बोटाच्या पेरासारखी लांबट. एकही दोरा रिकामा नव्हता. गटात फोटो पडला की पुण्या-साताऱ्याकडची जुनी माणसं, ज्यांच्या फांद्यांवर मी हे सगळं शिकले, ती विचारायची, क्रॉस कुणी केला? सुनीता दर वेळी लिहायची, "पराग मंगलताईंचे, हात आत्याबाईंचा." पावसाळ्यात शेंगा तपकिरी होऊन तडकल्या. बी म्हणजे केसाचे तुकडे वाटावेत असं बारीक. सुनीताने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात घालून मला पाठवलं, अण्णांना पाठवलं, आणि घरी कुंडीत पेरलं. लातूरच्या दोन शेंगांतलं बी अण्णांनी आम्हा तिघांत वाटलं.

मी माझं बी शेवाळावर टाकलं, काच ठेवली आणि रोज सकाळी काचेवर नाक टेकवून बघायला लागले. काही नाही. श्रावण गेला, काही नाही. आमच्या हवेत ओल इतकी, तिकडे कूलर लावून ओल आणायची, तेव्हा आधी माझ्याकडेच उगवणार अशी मला आतून खात्री होती. बोलले नव्हते कुणाला.

एका सकाळी फोन वाजला. व्हिडिओ. उचलला तर फोन कुणाच्या तरी हातात डगमगत होता, आणि त्यात चष्मा लावलेल्या आत्याबाई.

"मंगल, तुमचं झोपलंय का अजून?"

"झोपलंय आत्याबाई."

"आमचं उठलं." त्यांनी ओरडून सुनीताला फोन नीट धरायला सांगितलं. पडद्यावर आधी कूलरची जाळी दिसली, मग कुंडी, मग हिरवे टिपके. मोहरीहून बारीक, कुंडीभर. एका टिपक्याला, नीट बघितलं तर, इवलीशी सुरई होती. रंग अजून आला नव्हता. ओठाच्या कडेला मात्र तांबूस रेघ. तो तांबड्याचा रंग मी कुठेही ओळखला असता. मी शेडमधल्या खताच्या पोत्यावरच बसले.

कुंडीभोवती कॉलनीतल्या बायका जमलेल्या दिसत होत्या. आत्याबाईंनीच बोलावलं असणार. त्या सगळ्यांना सांगत होत्या, "हे मी क्रॉसिंग केलेलं हाय. बी टेम्पोत गेलं न्हाई. हितं उगवलं, माझ्या दारात."

एक बाई वाकून बघत म्हणाली, "ह्येला फळ येतंय का? खाता येतंय का?"

"न्हाई."

"मंग उपेग काय?"

आत्याबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला आणि कुंडी तिच्या तोंडापाशी नेली.

"उपेग काय म्हंजे? माझ्या हातचं बी उगवलंय. बस हितं आन बघ."

ती बाई बसली. बाकीच्याही बसल्या. इकडे पोत्यावर मीही हलले नाही.